भिजवलेलं बिस्कीट

आमच्या घरात सूर्य मावळायचा, बुडायचा नाही. शाळेला दांडी मारता यायची, पण शाळा बुडायची नाही. चहात बिस्कीटसुद्धा आम्ही भिजवायचो. लहानपणी एकदा माझ्या तोंडून ‘बुडव’ गेलं, तर आईनं असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. समोर आत्या बसली होती.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, नौदलात होते. पाकिस्तानशी लढाई चालू असताना त्यांची युद्धनौका समुद्रात बुडाली. काही जण वाचले, त्यांत मामा नव्हते. देहही सापडला नाही. वेळापूरला सासरी बायका आत्याचं कुंकू पुसायला जमल्या, तेव्हा तिची सासू उंबऱ्यात आडवी बसली. माझं पोरगं डोळ्यानं बघितल्याबिगर हिच्या कपाळाला कुणी हात लावायचा न्हाय, म्हणाली. बोट बुडाली असं कुणी म्हटलं तरी ती ताटावरून उठायची. तिच्यापुढे पाळायचं ते पथ्य पुढे आमच्याही घरात आलं.

सासू गेल्यावर आत्या सोलापुरात आमच्याकडे राहायला आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पेन्शन विधवेची आणि कपाळ सवाष्णीचं, असं गल्लीतल्या बायका बोलायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला कधी आलं नाही. मला त्या बायकांचा भयंकर राग यायचा. आत्या मात्र निवांत शेंगा फोडत बसायची. ती अजून नवऱ्याची वाट बघतेय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बिचारी, म्हणायचो आणि आणखी जपून बोलायचो.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. दात नव्हते, चहा-बिस्कीट तेवढं घशाखाली उतरायचं. एका सकाळी मी विचारलं, आत्या, बिस्कीट भिजवून देऊ का?

“बुडव की,” ती म्हणाली.

माझा हात तसाच थांबला. ती हसली.

“बोट बुडली ती बुडलीच. मला तवाच कळलं व्हतं. पर सासूनं जीव सोडला असता, म्हणून कुंकू लावत गेले.”

मग सासू गेल्यावर का नाही पुसलंस, मी विचारलं.

“तुमी व्हता की. समदी इतकं जपून बोलायचा. तुमच्याम्होरं पुसायचा धीर झाला न्हाय.” मग म्हणाली, “मला रडायचं व्हतं गं. मी गेल्यावर हिरवं नेसवू नको.”

मी तिचा हात धरून बसून राहिले. आम्ही तिला सांभाळत होतो की ती आम्हाला, हेच मला कळेना. मला स्वतःची आणि घरातल्या सगळ्यांची लाज वाटली.

आत्या गेली त्या दिवशी गल्लीतल्या त्याच बायका हिरवी साडी आणि चुडा घेऊन आल्या. सवाष्णीसारखी पाठवू या म्हणाल्या, अगदी मनापासून. मी म्हणाले, “नको. आमच्या मामांची बोट बुडाली.”

आई माझ्याकडे बघत राहिली. मी ओल्या फडक्यानं आत्याचं कपाळ पुसलं. तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला, आणि मामांसाठी आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी रडलं.