बन्सीधरच्या ट्रकचं इंजिन

आमच्या जिंतूरची मयताची गाडी म्हणजे मुळात एका शाळेची बस. शाळेनं ती काढून टाकली तेव्हा आम्ही पाच-सात जणांनी मंडळ करून ती घेतली, आतली बाकं काढली, मधोमध पत्र्याचा ओटा बसवला आणि नातेवाइकांसाठी एका बाजूला लांब बाक ठेवलं. परभणीच्या दवाखान्यात कुणी गेलं की त्याला आडवाटेच्या गावापर्यंत घरी आणायचं, हे तिचं काम. मी मंडळाचा सचिव. निवृत्त मास्तराला असली कामं चिकटतातच. पण गाडी चालते ती दत्तरावमुळं. ड्रायव्हर तोच, मिस्त्रीही तोच.

साठीला टेकलेला, बुटका, आणि बोलायचं म्हटलं की ज्याच्या जिवावर येतं असा हा माणूस. गाडीत मयत असलं की तो तंबाखू खात नाही आणि हॉर्न वाजवत नाही. म्हशी आडव्या आल्या तर खाली उतरून हाकलतो, पण हॉर्न नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, ओट्यावरच्याला आता काय ऐकू येणार आहे?"

"त्याच्या मायला येतं की, गुरुजी," तो म्हणाला. त्यानंतर मी हॉर्नचं नाव काढलं नाही.

दोन वर्षांमागं एप्रिलच्या भर उन्हात झरीच्या पुढं गाडीचं इंजिन फुटलं. ओट्यावर एकोणीस वर्षांचा पोरगा होता. दुसरी गाडी येईपर्यंत तीन तास त्याची आई पदरानं त्याला वारा घालत राहिली. दत्तराव रस्त्यावर उभा होता, सावलीतसुद्धा गेला नाही. त्या दिवसापासून त्याचं एकच म्हणणं होतं, की इंजिन असं पाहिजे जे रस्त्यात दगा देणार नाही. तसं मिळालं नाही तर तो स्टिअरिंगला हात लावणार नव्हता.

मी माझं शहाणपण चालवलं. नव्या पद्धतीचं, सेन्सरवालं इंजिन सुचवलं. दत्तराव म्हणाला, "त्याचं डोस्कं कॉम्प्युटरात हाय. माळरानात बंद पडलं तर मी कुठं हात घालू?" मग परभणीच्या भंगार बाजारात एका मोठ्या ट्रकचं इंजिन दाखवलं. ते त्यानं चालू करून ऐकलं आणि मान हलवली. "ताकद लय हाय. पण आपली चासी जुनी. हादरे बसतील, गुरुजी. ओट्यावरचं माणूस हलायला नको."

म्हणजे जुन्याच जातीचं इंजिन हवं होतं, आणि ती जात कंपनीनं कधीच बंद केलेली. महिनाभर हिंडलो. जी सापडली ती सगळी तेल पिणारी, काळा धूर ओकणारी. मग एके दिवशी दत्तराव खाली बघत म्हणाला, "एक हाय. बन्सीधरच्या ट्रकचं." हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझा असा संताप झाला की विचारू नका.

पण तो का बोलत नव्हता, तेही मला कळत होतं. चारठाण्याच्या अलीकडं रस्ता दोन्ही बाजूंनी उतरतो आणि मधे ओढा आहे. ओढ्याकाठी बन्सीधरचं घर. आमचं इंजिन फुटलं त्याच्या तीन वर्षं आधी ट्रक चालवताना त्याच्या छातीत कळ आली. त्यानं ट्रक व्यवस्थित कडेला घेतला आणि तसाच स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. मेलेल्या ड्रायव्हरच्या गाडीचं इंजिन आमच्याकडं कुणी घेत नाही. ट्रक दारातच राहिला. त्याची बायको मनकर्णा हिनं चाकं विकली, आणि ट्रक दगडांवर उभा होता.

आम्ही गेलो तेव्हा दत्तराव मला हळूच म्हणाला, "तीन वर्षं उभं इंजिन. जाम झालं असंल." त्यानं तेलाची पट्टी काढून पाहिली आणि बोटांवर तेल चोळत राहिला. तेल स्वच्छ होतं. मनकर्णाबाईनं घरातून बॅटरी आणून दिली. दत्तरावनं सेल मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. ना धूर, ना खडखड.

"वहिनी, हे कुणी सांभाळलं?"

"मीच. दर बाजारच्या दिवशी घडीभर चालू करते. ते म्हणायचे, उभं इंजिन मरतं." ती ट्रककडं बघत होती. "त्या दिवशी लोकांनी मला नेलं, तवा त्यांचं अंग गार पडलं होतं अन् हे चालूच होतं, भाऊ. कुणाला बंद करायचं सुचलंच न्हवतं."

दत्तरावनं तोंड फिरवलं. तिनंच म्हटलं, "न्या. चालत राहू द्या, मंजी झालं."

मंडळात गहजब झाला. मेलेल्याचं इंजिन कसं बसवायचं, म्हणे. मी म्हणालो, "गाडीच मयताची आहे, तिला कुणाचा विटाळ होणार?" इंजिन बसलं. इंजिनाचा नवा नंबर कागदावर चढवायला मी परभणीला हेलपाटे घातले. गाडी लोण्यासारखी चालू लागली. ओट्यावर ठेवलेलं फूलसुद्धा जागचं हलत नव्हतं.

आता दत्तरावचं ऐका. त्याला वाटलं, नवऱ्याच्या इंजिनाचा आवाज दारावरून गेला की त्या बाईच्या काळजाला घरं पडतील. आमच्याकडं दुखवट्याच्या घरावरून जाताना वाजंत्री बंद करतात. यानं इंजिनच बंद करायला सुरुवात केली. उतार लागला की चावी फिरवायचा, गाडी तशीच सोडायचा, आणि घर मागं पडलं की पुन्हा सेल मारायचा. जाताना तसंच, येताना तसंच. मला कळलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते. हे धोक्याचं काम आहे. पण तो सांगतोय कशाला!

सहाएक महिने असे गेले. एक दिवस मनकर्णाबाई एसटीनं जिंतूरला आली ती थेट गाडीपाशी. डोळे सुजलेले, अंगानं निम्मी झालेली. मी तिथंच होतो.

"दत्तरावभाऊ, ते इंजिन काढून टाका," ती म्हणाली.

"का वहिनी? लय चांगलं चाललंय."

"मला कशाला फसवायलात? मी ऐकते न्हवं. वरून आवाज येतो, अन् माझ्या दारात आलं की बंद पडतं. दर येळी. पुढं गेलं की चालू होतं." तिनं गाडीकडं हात केला. "त्यांचा जीव अडकलाय माझ्या दारात. मीच तीन वर्षं धरून ठिवला. लोकांची मयतं न्यायची गाडी, तिला आमच्यापायी खोळंबा नको."

दत्तराव खाली बसला. इतका शरमलेला माणूस मी पाहिला नाही. तो म्हणाला, "वहिनी, बंद पडत न्हाई. मी बंद करतो."

"तुमी?"

"तुमाला तरास होऊ ने म्हणून."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. दत्तराव उठला आणि त्यानं गाडीचं दार उघडलं. "बसा. घरी सोडतो."

या गाडीत जित्या माणसानं मयताशिवाय बसू नये असं सगळे मानतात. मनकर्णाबाई चढली. बाकावर न बसता ती पुढं ड्रायव्हरशेजारी, इंजिनावरच्या झाकणापाशी खाली बसली. तिच्या मागोमाग मीही चढलो.

उतार लागला. दत्तरावचा हात सवयीनं चावीकडं गेला आणि परत आला. गाडी आवाज करत उतरली. ओढा आला, घर आलं, दगडांवरचा रिकामा ट्रक आला. इंजिन चालूच होतं. दत्तरावनं गाडी दारात उभी केली, पण बंद केली नाही.

मनकर्णाबाई उठली नाही. तिनं तळहात झाकणावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"गरम हाय," ती म्हणाली.

मग पदर सावरून ती उतरली आणि मागं वळून दत्तरावला म्हणाली, "जावा आता. थांबू नका."