आत्याचं चाकांचं टेबल

आमच्या आत्याला केबिन नाही. कंपनी तिची, सही तिची, गिऱ्हाइकांची बोलणी खायची पाळीही तिचीच. पण बसायला म्हणाल तर चाकं लावलेलं एक टेबल. आम्ही चाकांची टेबलंच बनवतो, त्यातलंच ते एक. कारखान्यात जिथे भांडण पेटेल तिथे ती टेबल ढकलत नेते आणि तिथूनच कंपनी चालवते. बाहेरचे लोक हसतात. हसू देत.

गेल्या वर्षी एका महिन्यात टेबल फार फिरलं. ऑर्डरी आणणं माझं काम. मी एका नव्या हॉस्पिटलची आणली, पाठोपाठ एका हॉटेलची. दोघांनाही सगळा माल एकाच सोमवारी हवा. त्यात हॉस्पिटलने मध्येच उंची बदलली, हॉटेलने रंग. आमचे फोरमनकाका ऊठसूट ‘दमानं घ्या’ म्हणतात, म्हणून त्यांचं नावच दमानंकाका. ते माझ्यावर उखडले. दोघांपैकी एकाला नाही म्हण, म्हणाले. पण एक जरी गिऱ्हाईक गेलं असतं तरी दुसरी पाळी बंद करावी लागली असती, आणि त्या पाळीतलं एकेक माणूस आत्याने स्वतः कामावर घेतलेलं. तिची झोप उडाली होती.

हॉस्पिटलचा निम्मा माल तयार होताच ट्रकमध्ये चढला. काकांनी जन्मात पहिल्यांदा घाई केली ती त्या दिवशी. आत्या चहा घेऊन परत येते तर टेबल गायब. खणात तिच्या घराची किल्ली आणि अर्धं सफरचंद. काकांनी घाईत तेही मालाबरोबर ट्रकमध्ये चढवलं होतं. राजीनामा देतो म्हणाले. आत्या म्हणाली, आधी किल्ली तरी येऊ द्या.

आम्ही दोघी हॉस्पिटलात पोचलो. एका नर्सबाईंनी टेबलावर औषधांचा ट्रे मांडूनही टाकला होता. आत्या सवयीने टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि बघू लागली. मी चुळबुळत होते. समोरून रंगारी शिड्या घेऊन वर चालले होते.

“वर अजून रंग चाललाय?” तिने विचारलं.

“महिनाभर तरी चालेल,” नर्सबाई म्हणाल्या. “तुमची उरलेली टेबलं आली की जिन्यात ठेवू नका म्हणजे मिळवली.”

आत्या तडक तिथल्या मॅनेजरकडे गेली. उरलेला माल रंगकाम झाल्यावर चालेल का, एवढंच तिने विचारलं. रंगकाम लांबल्यामुळे माल ठेवायला जागा नाही म्हणून तोच बिचारा रडकुंडीला आला होता. तो लगेच हो म्हणाला. म्हणजे आता हॉटेलचा माल आधी, आणि दोन्ही गिऱ्हाइकं आमचीच. मी भर वॉर्डात आत्याला मिठी मारली.

टेबल काही नर्सबाईंनी सोडलं नाही. किल्ली घेऊन परतलो, तर दमानंकाका मान खाली घालून फाटकातच उभे.

“पुन्हा असं करायचं असेल,” आत्या म्हणाली, “तर माझी खुर्चीपण चढवा. उभं राहून पाय मोडले माझे.”

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडे पहिला ट्रक निघाला की मागे एक जास्तीचं टेबल असतं, त्यावर उलटी बांधलेली खुर्ची, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आत्या.