पार्टनरची वाटणी

“आपल्याच घरातली वस्तू उचलली तर ती चोरी व्हय? आँ? सांगा की सायेब!”

त्याचा तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. तसा मीही कमी नव्हतो. फौजदार म्हणून मी पोलीस ठाण्यात नुसता खाकरलो तरी मुळशी धरणावरचे बगळे उडायचे. पण त्या दिवशी त्याच्या ओरडण्याने माझ्या बशीतला चहा हिंदकळला.

माणूस घोटावड्याचा, चांगल्या शेतकरी घरातला. पुण्यातल्या एका कंपनीचं पगाराचं सॉफ्टवेअर तो उरवड्याच्या कारखान्यांना विकायचा. चिखलात मोटारसायकल ढकलत त्याने आठ कारखाने जोडले होते. त्यातल्या चार कारखान्यांतून एकाच दिवशी डोंगल गायब झाले. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावायची बोटभर किल्ली. ती काढली की सॉफ्टवेअर उघडतच नाही. पगार अडले, कामगार गेटवर जमले आणि वरिष्ठांच्या फोनने माझं टेबल असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती.

मला वाटलं, मोठी टोळी आहे. नाकाबंदी लावली. टोळी कसली! एका कारखान्याच्या कँटीनवालीनेच खबर दिली, “कुलूप कुटं तुटलंय? डीलरभाऊ आलं, च्या प्यालं, गेलं.”

आणला त्याला. डोंगलची पिशवी त्याने स्वतःच टेबलावर ठेवली.

“ही वस्तू तुझी कशी?”

“पार्टनर हाय मी! कार्डावर छापलंय. परवा कंपनीनं कळवलं, पार्टनरशिप संपली, आता कारखान्यांशी आमीच बोलू. भाऊ येगळं झालं की वाटणी हुती का न्हाई? निम्मा वाटा घेतला मी. जास्त न्हाई.”

एक गोष्ट मला खटकत होती. सगळ्यात मोठा कारखाना त्याने सोडला होता आणि पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या कारखान्यांचे डोंगल उचलले होते.

“मोठा का सोडलास रे?”

“चिठ्ठ्या टाकल्या ना सायेब. देवळात. लेकीच्या हातनं काढल्या. मोठा कंपनीच्या नावानं निघाला. निघाला तर निघाला.”

हवालदार हसले. मी तर इतका हसलो की ठाण्याची कौलं खाली यायची बाकी होती.

कंपनीचा मॅनेजर आला तेव्हा ते हसू थांबलं. विदर्भातून नोकरीसाठी आलेला, सभ्य माणूस. त्याने इंग्रजी करार उघडून एका कलमावर बोट ठेवलं. मी ते मराठीत मोठ्याने वाचलं. या करारामुळे उभयतांत कोणतीही भागीदारी निर्माण होत नाही. ग्राहक कंपनीचेच राहतील.

खाली डीलरची सही होती.

“मग पार्टनर कशाला छापलंत?” मी विचारलं.

“सर, ते फक्त संबोधन आहे. माल विकणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही पार्टनर म्हणतो.”

डीलर त्याच्याकडे वळला. “दिवाळीला घरी आलाता तुमी. आईनं ओवाळलं तुमाला.”

“मलाही नोकरी आहे हो,” मॅनेजर खाली बघत म्हणाला.

पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला, मुद्देमाल जप्त झाला. कारखान्यांच्या मालकांनी जबाब दिले. कालपर्यंत त्याला बसायला खुर्ची देणाऱ्यांनी जबाबात ‘सदर इसम’ म्हटलं. मोठमोठे गुंड मी माझ्यासमोर ढसाढसा रडवले, पण त्यात कधी मला असं हरल्यासारखं वाटलं नव्हतं. सही करताना माणूस त्याला ठाऊक असलेलाच अर्थ वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं. कळून उपयोग काहीच झाला नाही.

तारखेच्या दिवशी मी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हटलं, “माझीच वस्तू समजून, खऱ्या मनानं घेतली, एवढंच सांग. तुझा वकीलही तेच म्हणतोय. सुटशील.”

त्याने ऐकलं नाही. आत जाऊन गुन्हा कबूल केला. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडलो, “अरे गाढवा, असं का केलंस?”

तो चपला घालत म्हणाला, “पार्टनर नव्हतोच ना मी. मग चोरीच झाली ती.”