दगडावर न कोरलेली नावं

११ नोव्हेंबर. सकाळी वडगावहून एसटीने गावी गेलो.

आमच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा दगड आहे. गावातून गेलेल्यांपैकी चौघे परतले नाहीत, एवढंच त्यावर कोरलंय. नावं नाहीत. ती माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, पाठ होती. ते युद्ध याच तारखेला थांबलं, म्हणून या दिवशी आबा दरवर्षी दगड धुवायचे आणि एकेक नाव मोठ्याने घेऊन झेंडूचं फूल ठेवायचे. यंदा उन्हाळ्यात आबा गेले.

आज दगड मी धुतला. समोरच्या ओट्यावरून सखूमावशी म्हणाल्या, "बरं झालं, दगड पारोसा न्हाई राह्यला. आता नावं घे की."

तीन घेतली. चौथं आठवेना.

"मावशी, तुम्हाला आठवतं?"

"मला कुटं? आबाचा आवाज आला की मी च्या ठेवायची. ध्यान कोण देतंय!"

मीही दरवर्षी शेजारीच बादली धरून उभा असायचो. कधी लिहून घेतलं नाही.

तुमच्या गावात असा दगड असेल, तर घरच्या म्हाताऱ्यांना नावं आजच विचाराल का?

चौथं फूल नाव न घेताच ठेवलं. आबांच्या घरी येऊन बादली पालथी घातली आणि दाराला कुलूप लावलं.