एका फुटाला एक इंच

महालिंगची आणि माझी शेवटची भेट भांडणात संपली. कशावरून, हे सांगायचीही आता लाज वाटते... त्याला माझ्या स्कूटरचं माप घ्यायचं होतं आणि मी घेऊ देत नव्हतो. शेवटी "सोमवारी बघू" म्हणून सटकलो. रविवारी दुपारी जेवून तो आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, काका टेप घेऊन निघालेत, एवढंच तो सांगतोय.

महालिंग लोहाऱ्यातला मिस्त्री. स्टँडमागं त्याचं गॅरेज होतं. गुडघे गेल्यावर ते बंद केलं आणि घरातल्या पुढच्या खोलीत त्यानं दुसरं गॅरेज मांडलं, चौरंगावर मावेल एवढं. एका फुटाला एक इंच, हे त्याचं प्रमाण. पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा, टायर झिजलेल्या स्लीपरच्या रबराचे, इंजिनाचे सिलिंडर इंजेक्शनच्या सिरिंजचे, काचा साडीच्या खोक्यावरच्या प्लास्टिकच्या. गंज मात्र अस्सल. त्यासाठी पत्रा आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवायचा. घरातली चहाची गाळणी नाहीशी झाली की ती कुठल्यातरी जीपच्या रेडिएटरपुढं जाळी होऊन बसलेली सापडायची. त्याची बायको, आमच्या शिवगंगावहिनी, नवी गाळणी आणायच्या आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवायच्या.

त्याचा एक नियम होता: चालत्या गाडीचं मॉडेल करायचं नाही. चालत्या गाडीला रोज नवा पोचा येतो आणि मॉडेल खोटं पडतं. गाडी कायमची बसली की पोचे पक्के होतात, असं त्याचं म्हणणं. म्हणणं बिनतोड, पण परिणाम भलताच झाला. महालिंग टेप घेऊन ज्या गाडीजवळ जाईल तिचे दिवस भरले, अशी गावभर समजूत पसरली. तो स्टँडवर नुसता पान खायला गेला तरी माकणी गावाला जाणारे जीपवाले चार सीट कमी असताना गाडी काढायचे. प्रवासी त्याच्यावर खूश असायचे. एका ड्रायव्हरनं तर त्याची टेप बंपरला लागली म्हणून गाडीपुढं नारळ फोडला आणि प्रसाद त्यालाच दिला. यानं तो आवडीनं खाल्ला.

गाडी खरंच भंगारात गेली की मात्र हेच लोक चपला काढून त्याच्या खोलीत यायचे. तळहाताएवढ्या दारावरचा पोचा ओळखायचे. "ह्यो बैलगाडीचा हाय, माझ्याच हातून झालेला," असं एकजण म्हणाला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिला.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अंधश्रद्धेवर दरवर्षी तावातावानं भाषण केलं. आणि महालिंगनं माझ्या स्कूटरचं माप मागितलं तेव्हा मीच गाडीच्या आडवा उभा राहिलो. रोज सकाळी मी त्याच्या दारात जायचो. काहीतरी बिघडलेलं असायचंच, तो ठोकठाक करायचा आणि आम्ही चहा प्यायचो. त्या दिवसापासून मी स्कूटर चादरीनं झाकायला लागलो. मग तर लांब लिंबाच्या झाडाखाली लावून उरलेलं अंतर चालत जायला लागलो. तो हसायचा, पण मागणं काही सोडेना. वर्षभर हेच. स्वतःचा नियम मोडून चालत्या गाडीचं माप मागतोय, म्हणजे त्यानं तिला मोडीत काढली आहे, हे मी धरूनच चाललो होतो. शेवटच्या दिवशी ते बोललोही. तुझी टेप लागली की गाडी चौरंगावरच जाते, असं म्हणालो. त्यानं टेप गुंडाळून खिशात ठेवली. चहा मात्र पाजला.

महिन्याभरानं वहिनींकडं गेलो. खोली तशीच होती. छोट्या गॅरेजच्या दाराशी थोडी जागा मोकळी होती आणि तिथल्या फरशीवर त्यानं तेलाचा डाग रंगवून ठेवला होता. माझीच स्कूटर गळायची, दुसरं कोण... मी वहिनींना म्हणालो, त्याच्या लेखी माझी गाडी संपली होती. त्यांनी मान हलवली.

"न्हाय सर. ते म्हणायचे, सरांची गाडी अजून लई चालंल. ती बसायची वाट बघितली तर माझ्यानं हुयाचं न्हाय."

नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस तो. स्वतःचंही त्यानं ओळखलं होतं. आणि मी, विज्ञानाचा मास्तर, गाडीवर चादर घालत बसलो होतो. मला रडू आलं, वहिनींसमोरच. त्या आत गेल्या आणि त्याची टेप आणून माझ्या हातात दिली.

स्कूटर मी केली. दीड महिना लागला, तीन बोटं कापली, एकदा डिंकानं चष्मा टेबलाला चिकटला. प्रमाण कुठंतरी चुकलंच. पुढचं चाक मोठं झालं आणि हँडल एका बाजूला कललं. वहिनींनी ती उलटसुलट करून पाहिली. "शेळी बसल्यावानी दिसतीय," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं त्या डागावर नेऊन ठेवली.

खरी स्कूटर माप घेतल्यापासून एकदाही बंद पडलेली नाही. पहिल्या किकला सुरू होते. इतकी वर्षं ती बिघडायची म्हणून मी त्या दारात जायचो... आता बिघडत नाही, तरी जातो.