तिच्या ताटातला भात

माझी सगळी नोकरी राईस मिलमध्ये गेली. एकीकडून धान आत जायचा, दुसरीकडून पांढराशुभ्र तांदूळ बाहेर पडायचा, आणि संध्याकाळी मी अंगावर कोंडा घेऊन घरी यायचो. घरीही भातच. सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा उरलेला पाण्यात भिजवून ठेवलेला, त्यासोबत कांदा आणि हिरवी मिरची. दुपारी भात, रात्री भात. पाहुणा आला तर पोळ्या. आमच्या भागात चूल म्हणजे भात, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

मग बायकोला साखर निघाली. तिला सारखी तहान लागायची, अंग बारीक होत चाललं होतं, पायांची आग व्हायची. गोंदियातल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "अम्मा, चावल बंद. आलू बंद. मीठा तो बिल्कुल बंद."

"मंग खावाचं का?" तिनं विचारलं.

"रोटी खाओ, दाल खाओ, सब्जी खाओ."

परतीच्या ऑटोत ती बराच वेळ बाहेरच्या धानाच्या बांध्यांकडे पाहत बसली. धान गर्भात आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुसरं काही दिसतच नव्हतं. बिरसीचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "डॉक्टरच्या घरी धान नाई होत वाटते."

ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून ज्वारी आणवली, दळून आणली आणि भाकर थापायला बसली. तिच्या हाताला भाकरीची सवय नव्हती. कडा फाटायच्या, मधे जाड राहायची. माझ्यासाठी भात आणि स्वतःसाठी भाकर असा दोन चुलींचा संसार सुरू झाला. मी म्हणालो, मीही भात सोडतो. तर माझ्यावरच चिडली. "तुमी कायले सोडता? तुमाले का झालं? एकाच्या तोंडची चव गेली तेवढी पुरे."

जेवणापेक्षा दुपारची भूक वाईट होती. चार वाजायच्या सुमारास तिचे हात थरथरायचे, घाम यायचा. शेजारणीनं सांगितलं, मुरमुरे खात जा, हलके असतात. मग रोज कांदा, तिखट, लिंबू घातलेले मुरमुरे वाटीभर. पुढच्या तपासणीत साखर आधीपेक्षा चढलेली. डॉक्टर ओरडले. घरी आल्यावर ती मुरमुऱ्याच्या पिशवीकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "तुमी तं मिलमंदी राहता जी. हे बी धानाचेच नं?"

धानाचेच. पोहेही धानाचेच. मला ते माहीत होतं आणि तरी ध्यानात आलं नव्हतं. भात म्हणजे ताटातला, ओला, वाफाळता, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

त्यानंतर तिनं आपल्या बुद्धीनं एकेक गोष्ट शोधली. रात्री हरभरे भिजवायचे, सकाळी उकडायचे आणि चारच्या भुकेला कांदा, सांबार आणि लिंबू पिळून खायचे. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. हिरवे मूग वाटून त्याचा धिरड्यासारखा चिला, त्यात मेथीची पानं, तव्याला तेलाचा फक्त हात. हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि उन्हात बसून सोलत खायच्या. जवसाची चटणी. तलावातली बारीक मासोळी, तळलेली नाही, आंबट घालून शिजवलेली. पोटभर भाजी आणि त्यासोबत छोटी भाकर, हा क्रम तिनं स्वतःच लावला, कारण आधी भाकर खाल्ली की भाजीला पोटात जागा उरत नाही, असं तिचं म्हणणं. साखर उतरली. गल्लीतल्या ज्या बायकांना हाच आजार होता, त्या दुपारच्या आमच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या. कोणी विचारायची, चिला तव्याला चिकटते, काऊन चिकटते? ही उठून तवा दाखवायची. तिचा आवाज त्या दिवसांत मोठा झाला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिला असं चार जणींत बोलताना मी प्रथमच ऐकलं.

आमचा घात झाला तो याच बरं वाटण्यानं. पायांची आग थांबली, वजन सावरलं, तर तिला वाटलं आजार गेला. गोळ्या संपल्या त्या आणायच्या राहिल्या. मी विचारलं तर म्हणाली, "आता बरी आहो मी. खाणंच औषध आहे म्हणतेत नं सारे." मलाही ते पटलं. खाणं सुधारलं तरी गोळी चालूच ठेवायची असते, हे डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण आमच्या कानात ते राहिलं नाही. आणि डोळे दरवर्षी तपासायचे असतात, हे तर कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

माझ्या भातात खडे येऊ लागले. तिनं निवडलेल्या तांदळात खडा निघणं म्हणजे अशक्य गोष्ट. एक दिवस दाताखाली मोठा खडा आला, मी तो ताटाच्या कडेला ठेवला. तिनं आवाज ऐकला.

"खडा होता का?"

"लहानसा होता."

"दिसत नाई मले," ती म्हणाली. "सूप समोर घेतो तं मंदात काळा ठिपका येते. मान हालवली का तो बी हालते."

किती दिवसांपासून, ते तिनं सांगितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथं लेझर झालं, सुया झाल्या. आत रक्त उतरलं होतं. एका डोळ्यानं उजेड कळायचा, दुसऱ्यानं माणूस उभा आहे एवढं दिसायचं. डॉक्टर चांगला होता, शांतपणे बोलला. म्हणाला, जेवढं आहे तेवढं टिकवू या.

घरी आलो त्या दिवशी ती सवयीनं चुलीकडे गेली आणि फोडणी टाकताना तिचं मनगट कढईला लागलं. मी तिला हाताला धरून दाराजवळच्या पाटावर बसवलं आणि म्हणालो, आजपासून मी करतो.

"तुमाले चहा बी येत नाई."

"शिकीन."

तेव्हा माझी मिलमधली नोकरी नुकतीच संपली होती. ती पाटावरून सांगायची आणि मी करायचो. तिचे कान तिखट झाले होते. कांदा टाकला की चरचर ऐकून म्हणायची, तेल जास्त झालं. भाकर थापताना थपथप थांबली की म्हणायची, "पाणी कोमट घ्या जी. थंड पाण्यानं पीठ धरत नाई." पहिले काही दिवस भाकरीचे तुकडे ताटात पडायचे. ती ते चाचपून वेचून खायची. एकदा मी चणे उकडायला ठेवून बाहेर बोलत बसलो, पाणी आटून चणे लागले. ती आतून ओरडली नाही, भिंत धरत धरत शेगडीपर्यंत आली आणि वासावरून गॅस शोधून बंद केला. मी आत आलो तेव्हा ती तिथंच उभी होती. "आता हे चणे कोणी खावाचे?" एवढंच म्हणाली. आम्ही दोघांनी खाल्ले.

गोळ्या मी वेळेवर देत होतो. दुपारचा चिला मी वेळेवर करत होतो. साखर ताब्यात होती, रिपोर्टमध्ये दिसत होती. म्हणून तिचे पाय सुजले तेव्हा मला वाटलं, बसून बसून सुजले असतील. मग तोंड सुजलं. मग तिला जेवणाचा वासच नकोसा झाला.

यावेळी डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यावरूनच मला कळलं. किडन्या गेल्या होत्या. तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी मला वेगळं बसवून समजावलं. डाळी कमी. हरभरे, मूग, शेंगा, दाणे बंद. दही बंद. पालेभाजी खायचीच असेल तर चिरून, उकळून, पाणी फेकून. मी मधेच विचारलं, "मग खायचं काय?" माझ्या तोंडून तिचंच वाक्य निघालं होतं.

बाई म्हणाल्या, "भात चालेल. थोडा, मोजका, पण भात चालेल."

मी बाहेर येऊन तिच्याजवळ बाकावर बसलो. तिला सगळं सांगितलं. भात चालेल म्हटल्यावर तिनं माझ्याकडे तोंड वळवलं, डोळे भलतीकडेच होते, आणि ती हसली. मोठ्यानं हसली. बाजूचे लोक पाहू लागले.

"का खेळ आहे जी हा," ती म्हणाली. "जे खाऊन जगली थे बी बंद."

त्या रात्री मी तिच्यासाठी भात केला. बिनमिठाचा, सोबत उकळून पाणी काढलेली लवकी, म्हणजे दुधी. इतक्या वर्षांनी तिच्या ताटात भात होता. तिनं बोटांनी चाचपून घास केला, तोंडात धरला आणि बराच वेळ चावत राहिली. मी विचारलं, कसा झाला? "मऊ आहे," म्हणाली. चव तिला लागत नव्हती. अर्धा भात ताटातच राहिला.

ओसरीवर येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. त्यांचा दोष नाही. जिच्याकडून त्या उपाय शिकल्या होत्या ती अशी बसलेली पाहणं त्यांना जड जात असावं. एक तेवढी येत राहिली, म्हातारी होती, तिचे पाय चेपून जायची.

पुढे डायलिसिस सुरू झालं. एका दिवसाआड गोंदिया. पहाटे उठायचं, ऑटो सांगून ठेवलेला असायचा, ती मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसायची. आणि तिथं पुन्हा नियम बदलला. आता रक्तासोबत ताकद वाहून जाते, म्हणून अंड्याचा पांढरा भाग द्या, रोज द्या. तिनं जन्मात अंडं फार आवडीनं खाल्लं नव्हतं. मी उकडून, पिवळं काढून, वर मिरपूड टाकून डब्यात न्यायचो. मशीनला जोडलेली ती एका हातानं ते खायची. कधी कधी पाहिजे म्हणून, कधी कधी माझ्यासाठी. पिवळं मी बाहेर बसून खाऊन टाकायचो. तिसऱ्यांदा मी स्वयंपाक नव्यानं शिकत होतो आणि आता पाटावरून सांगणारं कोणी नव्हतं, कारण ती बहुतेक झोपलेली असायची.

पाणीसुद्धा मोजून. उन्हाळ्यात ती म्हणायची, "एक घोट." मी ओल्या कापडानं तिचे ओठ पुसायचो. आमची मुलगी सासरहून आली की ती गुपचूप जास्त पाजायची, मला माहीत होतं, मी काही म्हणत नव्हतो.

पावसाळा संपता संपता ती गेली. मशीनवरच, दुपारी. मी बाहेर डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. नर्स आली आणि तिनं माझ्या हातातला डबा आधी काढून घेतला.

तेरवीला घरच्या बायका पान वाढत होत्या. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर ठेवतात. कोणीतरी मला आतून हाक मारली, "भाऊजी, त्यायले का आवडे?" मी दारात उभा राहिलो. इतकी वर्षं तिला काय चालत नाही एवढंच पाठ केलं होतं. काय आवडायचं ते आठवायला वेळ लागला.

"खरवड," मी म्हणालो. "भाताची, भांड्याच्या बुडाची."

त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. खरवड कोणी पानावर ठेवत नाही. त्यांनी जिलेबी ठेवली, वडे ठेवले, खीर ठेवली. चांगलं पान होतं. मी हात जोडले.

आता मी एकटा आहे. मिल लांबून ऐकू येते. माझ्या घरी रोज स्वयंपाक होतो, अंगाला लागलेली सवय आहे. मुलगी तिरोड्याला असते. दोन मुलं झाल्यावर ती सारखी थकायची. मीच मागे लागून तपासणी करवली. रिपोर्ट आल्यावर तिनं फोन करून साखर निघाल्याचं सांगितलं. मी म्हणालो, येतो.

गाडीनं तिरोड्याला गेलो. तिच्या सासूबाई चुलीशी होत्या. मी म्हणालो, आजच्या दिवस मला करू द्या. त्या नको नको म्हणत बाजूला झाल्या आणि दाराशी उभ्या राहून पाहू लागल्या, कारण म्हातारा माणूस मूग वाटतो आहे हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी मुलीला जवळ बसवलं. सांगितलं, गोळी बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी नाही. डोळे दाखवायचे, लघवी तपासायची, दरवर्षी, काही होत नसलं तरी. ती मान हलवत होती. मग मधेच तिनं विचारलं, "बाबा, मायवानी होईन का माह्यं?"

तवा तापला होता. खोटं बोलणं सोपं होतं.

"मले नाई मालूम, बाई," मी म्हणालो. "तुह्या मायले जे सांगाले कोणी नोहतं, थे तुले सांगून राहिलो. आता हे गरम आहे तोवर खा."

तिनं चिला मोडला. दुसऱ्या घासाला ती रडायला लागली, पण खात राहिली. सासूबाई दारातून आत आल्या, खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "मेथी वाटताना टाकली का नंतर?"

"नंतर," मी म्हणालो आणि त्यांच्यापुढे पिठाचं भांडं सरकवलं.