दारावरचा वाकडा पाच

आमच्या कंपनीच्या गाड्या ज्यांना परवडतात ते त्या स्वतः चालवत नाहीत, मागे बसून पेपर वाचतात. अपवाद एका शेडचा. तिथे तीच गाडी घेऊन तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन घालतात, ब्रेक बदलतात, आणि मग ती विकत घेणारा माणूस ड्रायव्हरला सुट्टी देऊन टाकतो. या शेडला सगळे 'रेसवाले' म्हणतात. कंपनी पूर्वी शर्यतींत उतरायची, जिंकायचीसुद्धा. त्या पुण्याईवर रेसवाल्यांचं दुकान आजही जोरात चालतं.

माझा मामा या रेसवाल्यांचा रंगारी. दारांवरचे नंबर, रेघा, अक्षरं हाताने काढणारा आता तो एकटाच उरलाय. मी तिथल्याच रेकॉर्ड रूममध्ये जुने फोटो लावत बसते. नोकरी त्याच्याच शब्दावर लागली, तेव्हा मी थोडं त्याच्या बाजूने बोलणार, हे धरून चाला.

मामाचं दैवत म्हणजे ओळंबा. दोऱ्याला लोखंडी नट बांधायचा, दोरा दाराच्या वरच्या कडेला चिकटवायचा, नट डोलायचा थांबला की दोऱ्याशेजारी ब्रश टेकवायचा. घरी कॅलेंडर टांगायचं तरी आधी ओळंबा. मामी म्हणते, "मला बघायला आले तेव्हा यांच्या खिशात दोरा होता. सोडायचा धीर झाला नाही, एवढंच."

अशा माणसाच्या नशिबी वाकडा पाच यावा!

एकतीस वर्षांपूर्वी शर्यतीच्या सकाळी आयोजकांनी आमच्या गाडीचा नंबर बदलला. आठ होता, तो पाच केला. हातात पाऊण तास. मामाने धावपळीत दोन्ही दारांवर पाच काढला आणि हात धुवायला गेला. परत येऊन बघतो तर गाडी बाहेर निघालेली, आणि दोन्ही पाच पुढे कललेले. ती गाडी पहिली आली. सगळे तिला खांद्यावर घ्यायचे बाकी होते, आणि मामा टायरांच्या ढिगामागे तोंड लपवून बसला होता. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद : घाईत ओळंबा लावला नाही, हात चळला.

बरं, विसरायचीही सोय नाही. कंपनीने तो पाच डोक्यावर घेतला. टोपीवर पाच, कपावर पाच, किल्लीच्या साखळीला पाच. माहितीपुस्तिकेत लिहिलंय, 'वेगाच्या ओढीने पुढे झेपावलेला पाच.' असलं लिहिणाऱ्यांना पगार मिळतो, याचा मला राग येतो. मामा तर वाचून एवढंच म्हणाला, "झेपावतोय कसला? पडतोय तो."

यंदा त्या विजयाच्या आठवणीत चाळीस खास गाड्या निघायच्या ठरल्या. दारांवर तोच पाच. नव्या साहेबांनी मामाला बोलावलं. "शुक्रवारी एका दारावर काढून दाखवा. हुबेहूब तोच हवा. नाही जमला तर स्टिकर लावू."

स्टिकर म्हणजे रंगाच्या खोलीत मशीन येणार, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या मामाच्या हातात ब्रशऐवजी रबराची पट्टी.

"स्टिकरचे फुगे दाबत घरी येऊ का मी?" तो मामीला म्हणाला.

आणि सराव सुरू झाला. फ्रिजवर पाच, कपाटावर पाच, न्हाणीघराच्या दारावर आतून-बाहेरून पाच. पण हात काही वाकडा जाईना. मामा तिरका सुरू करायचा आणि शेवटच्या वळणापर्यंत पाच उठून ताठ उभा राहायचा. जुन्या दारावरून छाप घेऊन काढला, तर तो नुसता मेलेला दिसायचा.

"जित्याची खोड," मामी फ्रिज पुसत म्हणाली. "यांना साधं चुकताही येत नाही."

गुरुवारी मी रेकॉर्ड रूममध्ये त्या शर्यतीचं पाकीट न् पाकीट उपसलं. म्हटलं, पाचाचा एखादा जवळून घेतलेला फोटो मिळाला तर मामाला उपयोग होईल. विजयाच्या पाकिटांत हार नि हात हलवणारे लोक, बाकी काही नाही. शेवटी 'ब्रेकची दुरुस्ती' लिहिलेलं पाकीट उघडलं. त्याला इतक्या वर्षांत कोणी हातही लावला नव्हता.

फोटोत गाडीची पुढची दोन्ही चाकं काढलेली, नाक जॅकवर चांगलं वर उचललेलं, दोन मेकॅनिक डोकं खुपसून बसलेले. आणि दाराशी उकिडवा बसलेला, डोक्यावर भरपूर केस असलेला माझा मामा. दाराच्या कडेवरून दोरा लोंबतोय, खाली नट. दोऱ्याशेजारी पाच, सुतासारखा सरळ.

मी धावतच रंगाच्या खोलीत गेले. मामाने फोटो खिडकीशी नेला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"दोरा आहे गं," तो म्हणाला. "लावला होता मी."

मला वाटलं हसेल. त्याची हनुवटी थरथरायला लागली आणि मलाही रडू आलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे मी ढिगाने पाहिलेत. अंगण खरोखर वाकडं असताना एकतीस वर्षं स्वतःच्या पायांना बोल लावणारा हा एवढाच.

शुक्रवारी मामाने आधी जॅक मागितला.

"रंगवायला जॅक?" साहेबांनी विचारलं.

"पुढून उचला. या फोटोत आहे तेवढी."

गाडी उचलली. मामाने ओळंबा सोडला, नट थांबेपर्यंत थांबला, आणि वीस मिनिटांत सरळ, ताठ पाच काढला. साहेबांचा चेहरा पडला. मग जॅक सैल केला. नाक खाली आलं आणि पाच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढे कलला. साहेबांनी जुन्या दाराची छाप वर धरली. केसाचाही फरक नव्हता.

"स्टिकरवाल्यांना नको म्हणून कळवा," साहेब म्हणाले. मग जरा घुटमळले. "पण हे जॅकचं बाहेर बोलू नका. पुस्तिका छापून झाल्यात."

"झेपावू दे की," मामा म्हणाला.

संध्याकाळी त्याने मामीपुढे फोटो ठेवला. तिने तो लांब धरून पाहिला.

"इतकी वर्षं उगाच जिवाला लावून घेतलंत," ती म्हणाली. "गाडी तेव्हाच पहिली आली होती ना?"

"गाडी तेव्हाच पोचली गं," मामा म्हणाला. "मी आज पोचलो."